कोच बिरेचची नाडी

"नाडी पन्नासच्या वर भरली, तर आत्ता गाडीत बसतो," म्हातारा कोच बिरेच म्हणाला आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर त्याने बाही वर सारली.

त्याच्या लेकीचा, जेरोतिचचा जीव टांगणीला लागला. इस्पितळाची गाडी बाहेर उभी होती. बापाचं हृदय वयाने थकलं होतं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं: हृदयाच्या भिंती जाड झाल्यात, रक्तवाहिन्या कडक झाल्यात, ठोका पाडणारी आतली जागाच झिजलीय, म्हणून नाडी मंदावलीय. आज पेसमेकर बसवा, नाहीतर ते कधी थांबेल याचा नेम नाही.

पण इटेन पडलं धावपटूंचं गाव. इथे मंद नाडी म्हणजे दागिना. पोरं उठल्याउठल्या नाडी मोजतात, आणि ज्याची सगळ्यांत कमी तो दिवसभर भाव खातो. कोच दोनदा गोठ्यात भोवळ येऊन पडला, तरी त्याचं एकच पालुपद, "तो डॉक्टर जन्मात कधी पळालाय का?"

म्हणून जेरोतिचने पळणाऱ्या पोरांतल्या किमेलीला टपरीमागे गाठलं होतं. "बाबा मोजायला तुलाच बोलावणार, तुझी टर उडवायला. काहीही भरू दे, तू सत्तर सांग. पाया पडते तुझ्या." किमेलीने होकाराची मान हलवली होती.

"ये रे, कोंबडीच्या काळजाच्या!" कोचने खरंच त्यालाच हाक मारली. किमेली पळायचा वाऱ्यासारखा, पण नाडी जलद म्हणून कोचने त्याला कधी संघात घेतलं नव्हतं. "धर. नाडी कशी असते ते कळू दे तुझ्या बोटांना."

पोरं खिदळली. किमेलीने मनगट धरलं. घड्याळाकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. त्याने एकदा जेरोतिचकडे पाहिलं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "कोच, असं काळीज अख्ख्या इटेनमध्ये नाही."

टपरी दणाणली. बाहेर ड्रायव्हरने गाडी वळवली. गुरूपुढे खोटं बोलायला पोराची जीभ रेटली नसेल, असं जेरोतिचला वाटलं. तिला धड रागही येईना.

म्हातारा खुशीत उठला, झोकांडला, किमेलीच्याच खांद्याला धरून सावरला. "पारख आहे रे तुला! उद्या नैरोबीच्या शर्यतीला संघात तूही चल."

किमेलीला जराही नवल वाटलं नाही.

"बस किती वाजता निघते?" त्याने विचारलं.