हाताला सुट्टी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. कुपीतल्या पेप्टाइडच्या भुकटीत मोजून पाणी सोडायचं नाजूक काम ती कुणाच्याच हाती देत नसे. धार जोरात पडली की फेस होई आणि सगळं वाया जाई. गेले काही महिने मात्र तिचा हात थरथरत होता. “झोप झाली नाही,” म्हणून ती वेळ मारून नेई. आज पिपेटचं टोक कुपीच्या काठावर टकटक वाजलं. शेजारची सहकारी मान वर न करता म्हणाली, “ताई, आज मी घालू?” ताई उसळणार होती, पण भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. “पाणी काचेवरून ओघळू दे,” पिपेट देत ती म्हणाली. भुकटी विरघळली, द्रावण नितळ झालं. “जमलं का?” “माझ्यापेक्षा बरं.” मग स्टुलावर टेकून तिने हात मांडीवर ठेवला आणि त्याला हवं तेवढं थरथरू दिलं.