बिगुलाच्या आधी

छावणीतला बिगुल वाजला आणि विजयमालाबाईंनी डोळे उघडले. शेजारची जागा रिकामी. पांघरुणाची चौकोनी घडी उशाशी. उत्तमराव खुर्चीत बसून चहा पीत होते. कानटोपी, मोजे, दाढीसुद्धा झालेली.

"आजही?" त्या ओरडल्याच. "अहो, प्रज्ञाने काय सांगितलं होतं?"

"सवय आहे," उत्तमराव म्हणाले. उभा जन्म फौजेत काढलेल्या माणसाकडे सगळ्याला हे एकच उत्तर असतं.

सवय! विजयमालाबाईंचं डोकं तापलं. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, जयपूरला छावणीमागेच घर घेतलं, ते काय बिगुलाच्याही आधी उठून बसायला? डिसेंबरात असेच अंधारात उठून स्वयंपाकघरात गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आडवे झाले. फरशीभर गरम पाणी. भाजलं नाही, खुबा मोडला नाही, हे नशीब. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. झोपेतून एकदम उभे राहिलात की रक्तदाब खाली येतो. पुन्हा पडलात तर अंथरूण धराल.

मग प्रज्ञा आली. फिजिओथेरपिस्ट, मूळची नागपूरची. दोघांनाही शिकवून गेली. रात्री पडल्यावर अंग ताणायचं आणि सैल सोडायचं. सकाळी जाग आली की पडल्या पडल्या घोटे फिरवायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, हात डोक्यामागे ताणायचे, कुशीवर वळायचं, काठावर थोडं बसायचं, मगच उठायचं. "आणि काका, थंडीत अंधारात उठणं बंद. मांजर कसं आळोखेपिळोखे देत उठतं, तसं उठा."

रात्रीचं उत्तमराव करत. अर्धवट घोरत का होईना, पण करत. सकाळचं नाव नको. विजयमालाबाईंनी चपला लपवून पाहिल्या. ते अनवाणी गेले. मफलरने त्यांचं मनगट आपल्या मनगटाला बांधलं; सकाळी गाठ सुटलेली, वर मफलरचीही घडी घातलेली. आणि बाईंची झोप अशी गाढ, की त्यांना पत्ताच नाही.

"माझ्याकडे बघा जरा!" त्या रोज सुनावत. आणि खरंच बघण्यासारखं होतं. जुना संधिवात, जानेवारीची थंडी, तरी सकाळी त्यांचे गुडघे बिनतक्रार वाकत. याचं श्रेय त्या व्यायामाला देत, आणि गुडघ्यांखालच्या गरम पाण्याच्या पिशवीला. मुलाने पाठवलेली साधी रबरी पिशवी, पण रात्री भरली की उजाडेपर्यंत ऊब टिके. तिचं कौतुक ऐकून शेजारच्या प्रभाजींनी तस्सीच आणली आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आल्या. "भाभीजी, ये तो आधी रात को ही ठंडी हो गई." विजयमालाबाईंनी त्यांना बूच घट्ट कसं लावायचं ते दाखवलं. तरी जमेना तेव्हा म्हणाल्या, तुमची बिघडलेली निघाली.

आज मात्र त्यांना रागापेक्षा रडूच आलं. एका माणसाला रोज सांगायचं तरी किती?

"तुम्ही पडलात तर मी काय करू?" त्या म्हणाल्या. "उचलणं सोडाच, मला खाली तुमच्याजवळ बसतासुद्धा येणार नाही. नुसती उभी राहून बघत बसू?"

उत्तमरावांनी कप खाली ठेवला. त्यांनी बायकोच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "उद्या बिगुल वाजेपर्यंत जागचा हलणार नाही."

फौजी माणसाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बिगुल वाजला तेव्हा उत्तमराव शेजारीच होते. पावलं पांघरुणाबाहेर, घोटे सावकाश फिरत होते. अखेर ऐकलं तर! विजयमालाबाईंना इतका आनंद झाला की आपणही सोबत करावं म्हणून त्या गुडघा पोटाशी घ्यायला गेल्या.

गुडघा हलेना. दुसराही हलेना. दोन्ही लाकडासारखे ताठ झाले होते. थंडी हाडांत शिरली होती. कळवळून त्यांनी पांघरुणात हात घातला आणि पिशवी चाचपली. ती बर्फासारखी गार होती.

"अहो..." त्या म्हणाल्या.

उत्तमराव छताकडे बघत घोटे फिरवत राहिले.

"प्रभाजींची पिशवी बिघडलेली नव्हती गं," ते म्हणाले.