शेवटचा नमुना

डॉ. अमरसिंह यांनी सगळ्यांचे आभार मानले. आधी परदेशातून आलेल्या पाहुण्यांचे, मग औषध कंपनीचे, आणि उरलेच तर "आपल्या बीड जिल्ह्यातल्या धाडसी भगिनींचे". टाळ्या पाहुण्यांनीच वाजवल्या. मग प्रत्येक बाईच्या हातात भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. तबकडीवर लाल फीत, आणि खाली ठळक अक्षरांत 'एचआयव्ही संशोधन प्रकल्प'.

जिनतनं घड्याळ झटकन पालथं केलं. हीच माणसं पहिल्या दिवशी म्हणाली होती, तुमचं नाव या भिंतींबाहेर जाणार नाही. आता म्हणे, घरात दर्शनी भागात लावा.

"डॉक्टरसाब, पुढची सुई कवा?" तिनं विचारलं.

"जिनतताई, अभ्यास संपला. फार यशस्वी झाला. आता तुम्ही सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या परत सुरू करायच्या."

त्या गोळ्या टाळायलाच तर ती इथं आली होती. घरात सासू, जाऊ, पोरं, एकच खोली. गोळ्यांची बाटली ती ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायची, आणि जावेनं डब्याला हात लावला की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. गोळ्यांच्या जागी सुई सुरू झाली आणि घरात लपवायला काही उरलं नाही. त्याच जावेशेजारी ती फळांच्या गाड्यावर बिनघोर बसायला लागली होती.

"पण सुई लागू पडली म्हन्लात ना?"

"अगदी! लवकरच बाजारात येईल."

"कुठल्या? बीडच्या?"

डॉक्टर हसले. पाहुण्यांतल्या एका परदेशी बाईंनी त्यांना हळूच काही विचारलं. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, तशी बाईंनी छातीवर हात ठेवला आणि जिनतपुढं मान लववली. डॉक्टरांच्या बोलण्यातलं जिनतला एवढंच कळलं: थँक्स. म्हणजे तिनं विचारलेला सवाल तिकडं पोचेपर्यंत आभार झाला होता.

तिनं डॉक्टरांकडं पाहिलं. गाड्यावर सडकं फळ बाजूला काढताना पाहायची, तसं.

"जायच्या आधी रक्ताचा शेवटचा नमुना देऊन जा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच भल्यासाठी आहे."

"तुमचा अभ्यास संपला ना? मग माझं रक्त बी संपलं."

घड्याळ त्यांच्यापुढं ठेवून ती निघाली. शेजारच्या खोलीत नेकनूरच्या केसरबाई खुर्चीवर बसून बाही वर सारत होत्या. जिनत दारात थांबली.

"मावशी, कावून देता रक्त? सुई बंद केली त्यांनी. ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं की, पोरी."

"मंग?"

केसरबाईंनी हात टेबलावर लांब केला. "घरी सून ताट बी लांबून सरकवती. हितं कुनी हात तरी धरतंय."



रक्त घेणारा माणूस आला. त्यानं हातमोजे घातले. त्यांच्यावर आणखी एक जोडी चढवली. आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तसं केसरबाईंचं मनगट दोन बोटांत उचललं.