डावा पाइप, उजवा पाइप

"बाबा, पंप जोडून झाल्यावर नट किती उरले?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. एरवी त्या बाबांच्याच व्हॅननं शाळेत जायच्या आणि गेला आठवडाभर बसच्या रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना तेवढा हक्क होता. भोंग्यानं पैज जिंकली. भोंगा हे तिचं घरातलं नाव. ती हळू बोललेली अजून कुणी ऐकलेली नाही.

"एकही नाही," बॉनेटमध्ये वाकलेले बाबा म्हणाले. "सगळे मोजून लावलेत. पण गाडी ऐकत नाही."

गाडी सुरू व्हायची, हीच तर पंचाईत होती. सुरू व्हायची, गदागदा हलायची आणि अख्खं अंगण पांढऱ्या धुरानं भरून टाकायची. डिझेल पंप गळत होता म्हणून बाबांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला होता. नवी सील घातली, गंजलेले चारही पाइप टाकून नवे वाकवून घेतले आणि सगळं परत जुळवलं. सोमवारपर्यंत व्हॅन नीट झाली नाही तर शाळा दुसरी व्हॅन ठरवणार होती. आज शनिवार.

"हवा राहिली असेल आत," आई म्हणाली.

"तीनदा काढली."

"मग फिल्टर?"

"नवा आहे गं बाई!"

शेवटी बाबांनी इंजिन चालू ठेवलं आणि एकेका पाइपचा नट जरासा सैल करून कान दिला. आवाज बदलला तर त्या पाइपचा सिलिंडर काम करतोय. नाही बदलला तर नुसताच बसून खातोय. पंपाच्या वरच्या तोंडाचा पाइप सैल केला, इंजिन कण्हलं. खालचा केला, पुन्हा कण्हलं. डावा केला, काही नाही. उजवा, ढिम्म.

"चारांतले दोन आळशी!" भोंगा ओरडली. "अगदी आमचा वर्ग!"

"आणि तू त्यांची मॉनिटर," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. "ते फोटो बघ जरा. पंप काढायच्या आधी माझ्या फोनवर तुला काढायला लावले होते ना? मी त्यात बघूनच पाइप लावलेत."

भोंग्यानं फोटो मोठा केला. डावा पाइप तिसऱ्या सिलिंडरला, उजवा दुसऱ्याला. गाडीतही तसंच. मग तिची नजर पंपावरच्या पत्र्याच्या पाटीवर गेली. फोटोतल्या पाटीवरचे आकडे उलटे होते, आरशात दिसतात तसे.

"बाबा," ती चक्क हळू म्हणाली, "डाव्या-उजव्याची अदलाबदल करून बघू या?"

पाइप पुन्हा वाकवावे लागले, त्यात अर्धा तास गेला. मग बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. थरथर थांबली, धूर विरला.

"आमची इंजिनियर गं ती!" आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. आता सगळ्यांनी जेवायला जावं आणि हा विषय इथंच संपावा, असं भोंग्याला फार वाटलं.

बाबांनी इंजिन बंद केलं. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले.

"फोटो समोर असून मी डावं-उजवं चुकलो," ते म्हणाले. "ह्या गाडीचे ब्रेकही मीच जुळवतो. मागे अकरा पोरी बसतात. शाळेला कळवून टाकतो, दुसरी व्हॅन बघा म्हणून."

"अहो, पण झाली ना नीट?"

"आज झाली." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

भोंग्यानं फोन पाठीमागे धरला.

"कुणालाही कळवायचं नाही. फोटोत होतं तस्संच लावलंत तुम्ही, फोटोच उलटा आहे. मागच्या महिन्यात ह्या फोनचा मागचा कॅमेरा माझ्या हातून फुटला, कळू नये म्हणून मी त्यावर स्टिकर लावला आणि पंपाचे सगळे फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढले. सोमवारी मी ह्याच व्हॅननं शाळेत जाणार, आणि ती तुम्हीच चालवणार."