दोन नळांचं गणित

"बाह्या वर कर," शेखर म्हणाला.

वेदिकाने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. हात कोरे होते. शाळेच्या ऑफिसात, मुख्याध्यापिका सितारा मॅडमच्या देखत, सख्ख्या बापाने अशी झडती घ्यावी! पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेखरचं मात्र समाधान होईना. त्याने तिची कंपासपेटी उघडली. झाकणाच्या आत बघितलं. खोडरबराचं कव्हरसुद्धा काढून बघितलं.

"पप्पा, तीन महिने रोज वीस-वीस गणितं केलीत मी," वेदिका पुटपुटली.

"ते कळेलच आता."

प्रकरण एवढंच होतं. आठवीतल्या वेदिकाला गणितात मागच्या वेळी चाळीसपैकी एकोणीस होते, या वेळी अडतीस पडले. गणिताच्या दीपक सरांना संशय आला. त्यांनी तो मॅडमच्या कानावर घातला आणि स्वतः प्रशिक्षणाला घोटीला निघून गेले. इकडे पुण्याच्या गणित शिबिराला शाळेतून एकच नाव जायचं होतं, तेही आजच. मार्क खरे असतील तर वेदिकाचं. खोटे असतील तर नाव दुसऱ्याचं, आणि हिच्या प्रगतिपुस्तकावर कॉपीचा शेरा.

"माझा विषय हिंदी. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला दहावीला गणितात त्र्याऐंशी होते ना? वेदिका सारखी सांगते. तुम्हीच घाला तिला एक गणित. पुस्तकातलं जसंच्या तसं नको, मुलांना पाठ असतं. आकडे बदला. बरोबर सोडवलं तर या कागदावर सही करा. तुमच्या शब्दावर नाव पाठवते."

त्र्याऐंशी! अहो, कसले त्र्याऐंशी! सिन्नरजवळच्या केंद्रावर पुंजामामा खिडकीच्या गजांना लोंबकळून चिठ्ठ्या टाकत होता आणि शेखर खाली मान घालून उतरवत होता. काय उतरवतोय हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले आणि गडी जन्मभराचा 'गणितात हुशार' होऊन बसला. पुढे लेक वही घेऊन आली की म्हणायचा, "स्वतःचं डोकं चालव." लेकीला वाटायचं, पप्पा शिस्तीचे आहेत.

म्हणूनच तर त्याची खात्री होती. एकोणीसचे अडतीस असे सरळ होत नसतात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पायातला मोजा, पट्टीची मागची बाजू, पाण्याच्या बाटलीचा कागद, चिठ्ठीच्या सगळ्या जागा त्याला तोंडपाठ होत्या.

त्याने पुस्तक चाळलं आणि त्यातल्या त्यात ओळखीचं गणित निवडलं. दहा आणि पंधरा तासांच्या जागी सहा आणि आठ घातले. "एका नळाने टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्याने आठ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती तासांत भरेल?"

वेदिकाने खडू घेतला. शेखरने डोळ्यात तेल घालून पहारा सुरू केला. हात बघितले, मान बघितली, ओठ हलतात का तेही बघितलं. दोन ओळी तिने झरझर लिहिल्या. तिसऱ्या ओळीवर मात्र ती थांबली आणि तिने हळूच मागे वळून बघितलं.

सापडली! शेखरने गर्रकन मागे पाहिलं. मागे कपाट होतं, कपाटावर ढाल होती. बाकी काही नाही. म्हणजे पोरीने नुसतं बापाकडेच बघितलं होतं.

तिने पुढे लिहून टाकलं. सात तास.

शेखरने फळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. सहा, आठ, सात. येतंय की मधोमध. तरी शंका नको म्हणून त्याने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. ती निवांत उभी होती, गालातल्या गालात हसत. लबाडी करणारं पोर असं उभं राहत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्याला एकदम भरून आलं. उगाच संशय घेतला आपण.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

वेदिकाचं हसू मावळलं. "पप्पा, नीट बघा ना."

"अगं बघितलं. शंभर टक्के बरोबर." आणि त्याने झोकात सही ठोकली.

मॅडमनी फळ्याचा फोटो काढला. "सरांनाही पाठवते. त्यांचाही संशय फिटू दे," असं म्हणून तो पाठवला आणि त्या आपल्या तासाला निघून गेल्या.

वेदिका खडू हातात धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेखरने तिच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं माझं, बाळा. पण आता कशाला रडतेस? नाव गेलं ना तुझं?"

"एकटा नळ सहा तासांत टाकी भरतो पप्पा, मग दोन मिळून सात कसे घेतील?" ती हुंदके देत म्हणाली. "मी मुद्दाम चुकवलं होतं. तुम्ही लगेच पकडाल आणि मॅडमना दिसेल, माझे पप्पा मला सूट देत नाहीत, म्हणून."