बोळात अडकलेली बाज

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बुद्धघोष सांगवीला घरी आला, तरी डोक्यात पीएच.डी.च होती. निर्वात पोकळीत दोन आरसे अगदी जवळ समोरासमोर धरले, की पोकळीतल्या काही लहरी मधल्या फटीत मावत नाहीत. मग बाहेरचा जोर आरशांना एकमेकांकडं ढकलतो. जेवताना त्यानं हे आईला, पुतळाबाईला, समजावलं.

"आपल्या बोळाचं तसंच हाय की," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बाज आत ठिवली, आता निघंना."

बोळापलीकडचं घर चुलत्याचं, कधीचं बंद. बाज पावसानं फुगली असेल, म्हणत तो भर दुपारी आत शिरला.

आत जाता जाता आधी गावातल्या गिरणीचा आवाज ऐकू येईनासा झाला. मग कोंबड्यांचा. बाजेची लाकडं दोन्हीकडच्या विटांत बोटभर रुतली होती.

"आई," त्यानं हाक मारली. घसा थरथरला, पण स्वतःचाच आवाज कानावर आला नाही.

तो वळला. येताना हात मोकळे झुलत होते. आता दोन्ही खांद्यांना भिंत लागली.

बोळाच्या तोंडाशी आई आली. तिनं पदर खोचला, दोन्ही भिंतींना तळवे टेकले आणि रोजचं काम असावं तसा रेटा लावला.