शिंगांचा दिवा

मालकाच्या धाकट्या लेकाचं, माणिकरावाचं लग्न झालं ते अठ्ठ्याहत्तर साल. त्या वर्षीच्या आषाढ अमावस्येला सरजाबाई मालकाच्या घरी दिवे मोजायला गेली. हातात सूप होतं, पण ते निमित्त.

तिचा नवरा पंडित चौदा वर्षांपासून त्या घरी सालगडी होता. दिव्याच्या अमावस्येला मालकीण नर्मदाबाई गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून दिवे उकडायच्या. घरात जितकी माणसं तितके दिवे, आणि एक पंडितचा. यंदा नव्या सुनेला धरून घरची माणसं अकरा. अंधार पडला की त्यात तूप-वात लावायची, विझले की खायचे. पंडित बौद्ध झालेल्या घरातला. देवाला हात जोडत नसे, पण दिव्याला कधी नाही म्हणाला नव्हता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून आठ दिवस मुलूख पेटला होता. ओढ्यापलीकडच्या गावात बौद्धवाड्यातली चार घरं कालच जाळली होती. पंडितचं बिऱ्हाड मालकाच्या शेतात, आखाड्यावर. एक खोली, गोठा, कडब्याची गंजी. आजूबाजूला दुसरं घर नाही.

सकाळी तो म्हणाला होता, "दिवे मोजून ये. बारा असले तर राहू. अकरा असले तर पोरीला घेऊन दुपारच्या गाडीनं परभणीला, तुझ्या भावाकडं."

"दिव्यावरून काय कळतंय?"

"त्या घरात तोंडानं कुणी सांगणार न्हाई. दिवा खोटं बोलणार न्हाई."

मालकाच्या घरी धाकटी सून मनकर्णा चुलीपुढं बसली होती. सासरचा तिचा पहिलाच सण. ज्याचा दिवा त्याची खूण करायची, ही त्या घरची रीत. थोरल्या दिनकररावाच्या दिव्याला मोठं पोट होतं, माणिकरावाच्या दिव्याला मिशा.

"आत्याबाई, ह्यांच्या मिशा गळायल्यात."

"गळू दे. खऱ्या तरी कुठं हायत?" नर्मदाबाई म्हणाल्या.

सरजाबाईही हसली. हसता हसता तिनं चाळणीतले दिवे मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच.

परातीत मूठभर कणीक उरली होती. नर्मदाबाईंनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "झाले."

सरजाबाई उठली. सूप काखेला मारलं. "येते मोठ्या बाई."

"आता तर आलीस. तूर पाखडून जा की."

"पोर आखाड्यावर वाट बघायली."

दारात दिनकरराव उभा होता. तो कधी आला ते कुणाला कळलं नाही.

"बस सरजाबाई, घाई काय हाय?" तो म्हणाला. मग चाळणीकडं पाहिलं. "आई, अकराच का?"

"तूच रातच्याला..." नर्मदाबाई थांबल्या.

"बारा करा. दरसाल त्याचा करताव, यंदाच का न्हाई? चौदा वर्सं झाली. घरचाच माणूस हाय."

नर्मदाबाई लेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. फडकं बाजूला सारून त्यांनी बारावा दिवा स्वतः वळला. पंडितच्या दिव्याला दोन शिंगं असत, कारण त्याला बैलांशिवाय दुसरं काही सुचत नसे.

"डावं शिंग वाकडं करा," सरजाबाई म्हणाली. "नाहीतर म्हणंल, हा माझा बैल न्हाई."

भगुण्यावर झाकण पडलं. गुळाचा वास घरभर झाला. दिवे निघाल्यावर नर्मदाबाईंनी शिंगांचा दिवा पळसाच्या पानात गुंडाळून सरजाबाईच्या पदरात टाकला.

"अंधार पडल्यावर लावा, मग खा. पोरीला आधी दे."

"आन् पंडितला म्हणावं, आज कुठं जाऊ नको," दिनकरराव म्हणाला. "आखाडा सोडू नको."

सरजाबाई अंगणात आली. लिंबाखाली दोन्ही बैल बांधले होते. पोळ्याच्या आधी ते कधी गावात येत नसत. पुढ्यात हिरवी वैरण होती. डाव्या बैलानं तिला ओळखून मान हलवली.

"बैल घरी कसे, मालक?" तिनं दारातल्या दिनकररावाला विचारलं.

"आखाड्यावर लय चिखल झालाय. मीच आणले मघाशी."

सरजाबाईनं बैलांचे खूर पाहिले. कोरडे होते.

पंडित लांबच्या तुकड्यात खुरपत होता. तिला येताना पाहून तो बांधावर आला.

"किती?"

"बारा."

तो खाली बसला. हातातलं खुरपं मातीत रोवलं.

"बैल घरी नेलेत," सरजाबाई म्हणाली. "आखाड्यावर चिखल हाय म्हणतेत. खूर कोरडे हायत."

पंडितनं पळसाचं पान उघडलं. दिवा अजून कोमट होता. वाकडं शिंग त्यानं बोटानं चाचपून पाहिलं.

"मोठ्या बाईच्या हातचा हाय," तो म्हणाला. "हे बोट मी वळखतो."

"मी खुराचं म्हणायले."

त्यानं दिवा पुन्हा पानात गुंडाळला आणि सावलीला, पाण्याच्या घागरीशेजारी ठेवला. सडकेवरून परभणीची गाडी गेली. तिचा आवाज ओढ्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

पंडित त्याच आषाढ अमावस्येला आखाड्यावर जळून मेला, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली.